धर्मराज आणि चौथा नट

धर्मराज गाडीखाली शिरण्याआधी कांद्याचं रिकामं पोतं अंथरतो, चष्मा पुसतो आणि मग बराच वेळ काहीच करत नाही. नुसता बघत राहतो. सानपाडा गावातला हा साठीचा मिस्त्री जुन्या फियाटशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावत नाही. त्यामुळे त्याला काम फारसं नसतं आणि घाई तर नसतेच.

माझी फियाट ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली होती. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइप जिथे जोडलेला असतो, तिथलं पॅकिंग जळालं होतं. ते बदलायचं तर चार नट काढायला हवेत, आणि चारही गंजून बसलेले. त्याचं श्रेय माझं. दर दसऱ्याला पूजेआधी मी तापल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतत आले होते. वरून खोबरेल.

"आवो वयनी, हे इंजिन हाय का कोनाचे केस?" धर्मराज म्हणाला.

माझा नवरा आशुतोष याने अट घातली होती: एक जरी बोल्ट तुटला, तर गाडी कळंबोलीच्या भंगारात. एक्केचाळिसाव्या वर्षी मी याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकले. त्याच्या नव्या गाडीला तो मला हात लावू देत नाही. फियाट गेली की मी परत रिक्षाच्या रांगेत.

धर्मराज रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये यायचा. एक नट ज्योतीने तापवायचा, त्याला मेणबत्ती टेकवायचा. मेण वितळून आट्यांत शिरायचं. मग नट केसभर सोडवायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडवायचा. दिवसाला एक. तीन दिवसांत तीन निघाले. चौथ्याला मेण पाजून तो चहाला गेला.

अडकलेले कुकर आणि लोणच्याच्या बरण्या मी आयुष्यभर उघडल्यात. मी गाडीखाली सरपटले, पान्याला लांब पाइप अडकवला आणि जोर लावला. नट लोण्यासारखा फिरला! मी इतकी हरखले की स्वतःच फोन करून आशुतोषला खाली बोलावलं.

तो आणि धर्मराज एकदमच आले. माझ्या हातात नट होता आणि नटात निम्मा बोल्ट.

"तुटला," आशुतोष म्हणाला.

मी धर्मराजकडे पाहिलं. वयस्कर माणूस, सांभाळून घेईल.

"वयनींनी तोडला," तो म्हणाला. "माझे तीन ते बघा, साबूत हायेत."

"मग आता?" आशुतोषने विचारलं.

"आत राहिलेला तुकडा भोक पाडून काढू. वाकडं गेलं तर ज्यात बोल्ट बसतो तो बीडाचा जोड फुकट. तो आता बाजारात मिलत नाय."

आशुतोषने माझं तोंड बघितलं आणि पायरीवर बसला. "कर. पण हिला लांब ठेव."

"लांब नको, बॅटरी धरायला पायजे. फक्त बोलायचं नाय."

दीड तास मी बॉनेटखाली वाकून गप्प राहिले. दोनदा ड्रिल वाकडं जाताना मला स्पष्ट दिसलं. दोन्ही वेळा ते सरळच होतं. अखेर तुकडा बाहेर आला. धर्मराजने तो फुंकर मारून तळहातावर घेतला आणि आशुतोषला दाखवला, मला नाही.

नवं पॅकिंग बसलं. गाडी सुरू झाली, तिचा आवाज खाली आला होता. भंगाराचं नाव न काढता आशुतोषने किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आता बोला, वयनी," धर्मराज म्हणाला.

मी आत बसून हॉर्न वाजवला.