जावयाचा दुसरा पासपोर्ट

नागपूरच्या हुडकेश्वरहून रोमला निघालेला पहिला माणूस मीच, असं मी मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं. तपासायला कोण येतं? सोबत बायको सुमन, दोन मण चिवडा आणि आम्हाला न्यायला आलेला जावई मातेओ. मातेओ जन्मानं अर्जेंटिनाचा, आजोबांकडून इटलीचा. त्यामुळे माणूस एक, पासपोर्ट दोन. रोमला आमच्या लेकीला, केतकीला, मुलगी झाली होती. बारसं परवावर आलेलं, आणि आजीनं पाळणा बांधल्याशिवाय नाव ठेवणार नाही, असं केतकीनं बजावलं होतं.

सकाळी नागपूर विमानतळावर तिकिटाच्या काउंटरवर मातेओनं इटलीचा पासपोर्ट दाखवला, काम झालं. पुढे इमिग्रेशनच्या साहेबांनी भारतात आल्याचा शिक्का मागितला. तो अर्जेंटिनाच्या पासपोर्टवर, आणि तो पासपोर्ट बॅगेत नाही! मातेओनं बॅग उपडी केली. मी चिवड्याच्या पिशव्यासुद्धा चाचपल्या. सुमन मात्र शांत. इतकी शांत ती पस्तीस वर्षांत राहिली नव्हती.

"घरी हाय," ती शेवटी म्हणाली. "तांदळाच्या डब्यात ठेवला."

"काहून (का) वं?"

"घराच्या दोन्ही किल्ल्या घेऊन कोणी फिरते का? एक हरवली तर दुसरी घरी पाहिजे."

मातेओचं मराठी केतकीनं घडवलेलं, म्हणजे अस्सल नागपुरी. तो डोळे मिटून म्हणाला, "आई, मले दोन्ही लागते. एकानं निघतो, एकानं पोचतो."

विमान सुटायला दीड तास. घराची किल्ली शेजारच्या वर्षाताईंकडे असते, त्यांना फोन लावला. मी फोन खिशात टाकून नाक शिंकरलं, तोवर वर्षाताई स्कुटीसकट विमानतळाच्या दारात! घड्याळ चाळीस मिनिटं गेल्याचं दाखवत होतं, पण ते घड्याळ घाबरलेलं होतं. मातेओनं दाराशी जाऊन पासपोर्ट आणला. साहेबांनी तो उघडला तसे टेबलावर तांदळाचे दाणे सांडले.

"अक्षता काहून टाकून राहिले?" एवढंच बोलून त्यांनी शिक्का मारला.

रोमला मातेओ इटलीचा पासपोर्ट दाखवून दोन मिनिटांत पार. आम्ही व्हिसावाल्यांच्या रांगेत, जी तिथून थेट आमच्या नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत गेली असावी. टायबर नदी पाहिली; खाप्याची कन्हान पाहिलेल्या माणसानं तिला नावं ठेवू नयेत, म्हणून गप्प राहिलो. सुप्पली (भाताचे तळलेले गोळे) मात्र अठरा खाल्ले. मातेओ सहा म्हणतो.

बारशाला सुमननं पाळणा बांधला, मातेओच्या बहिणीनं कानात नाव सांगितलं: रेवा. सुमननं हळूच विचारलं, हिचे पासपोर्ट किती? केतकी म्हणाली, इटलीचा आणि अर्जेंटिनाचा. आपला देश दुसऱ्या देशाच्या पासपोर्टसोबत आपला ठेवू देत नाही, त्यामुळे आजीकडे यायला व्हिसा लागेल. सुमननं पाळण्याची दोरी धरली ती पाहुणे जेवून उठेपर्यंत सोडली नाही.

महिन्यानं नागपूरला उतरलो. आमचा शिक्का झटक्यात पडला. जगभर हिंडून आल्यावर, जिथं कुणी काही विचारत नाही त्या दारातून आत शिरण्यासारखं सुख नाही, हे मी सुमनला ऐकवत होतो. ती शेजारच्या परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेकडे पाहत होती.

"रेवा तिथं उभी राहीन," ती म्हणाली.

मी ती रांग मोजली. चार माणसं होती.

"रांग लहान हाय वं," मी म्हणालो. "पोरीचे पाय नाही दुखणार."