दाजी गप्प होते ती वीस मिनिटं

आमचे दाजी जन्मले तेव्हा रडले नसणार, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी आधी सुईणीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि गाव जाहीर केलं असणार, आणि मगच आपण कोणत्या अंगानं बाहेर आलो याचं धावतं वर्णन केलं असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. राहणार बावडा, तालुका इंदापूर. पोटासाठी ऊस आणि जिवासाठी बोलणं. जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की माइकवर दाजी. तालुक्यातला कुठलाही पैलवान आखाड्यात उतरू दे. त्याचा बाप कोण, वस्ताद कोण, मामाचं गाव कोणतं आणि मामाची म्हैस दूध किती देते, इथपर्यंत सगळं त्यांच्या जिभेवर. पैलवान दमायचे, हलगीवाले घाम पुसायला थांबायचे, पंच पाणी प्यायला जायचे, दाजी चालूच.

माइक नसला म्हणून काही अडत नसे. मला मोटरसायकलवर मागे बसवून इंदापूरहून बावड्याला नेताना ते पुढच्या दोन उसाच्या ट्रॅक्टरांची कुस्ती लावत आणि ती सांगताना दोन्ही हात वापरत. मी मागून डोळे मिटून हँडल धरायचो. जेवायला बसले की भाकरी एका बाजूला, ठेचा दुसऱ्या बाजूला, आणि "ठेच्यानं पैला डाव टाकलाय, मंडळी, डोळ्यातनं पानी काढलंय!" माझ्या लग्नात तर त्यांनी भटजींच्या हातातून माइक काढून घेतला. "नवरदेव सावध पवित्र्यात! हार उचलला... हार निघाला... आरारारा, हार स्वतःच्याच फेट्याला आडकला! मास्तर, डाव्या अंगानं काढा!" मी आज्ञाधारकपणे डाव्या अंगानं ओढला, तर फेटा सुटून थेट सासऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. त्यांना तो माझ्यापेक्षा बरा दिसला, असं सासुरवाडीत आजही सांगतात.

असे हे दाजी एकाएकी डावा पाय ओढायला लागले. चार पावलं चालले की खाली बसायचे. मी बारामतीत मास्तर, त्यामुळे नात्यातलं दुखणं माझ्या घरी उतरायचं अशी रीतच पडलेली. मोठ्या दवाखान्यात एमआरआय काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि दाजींनी ताबा घेतला. "चौथा मणका लाल लंगोट, पाचवा मणका निळा लंगोट! दोगांच्या मधी बिचारी नस घावली, तिला कैची बसलीय, आन् पंच कुठं हाईत? पंच, सोडवा की!"

पंच, म्हणजे डॉक्टर, पोटभर हसले. मग खुर्ची पुढं ओढून गंभीर झाले. ऑपरेशन करावं लागेल, पाय बराचसा सुधारेल, पण एक अडचण आहे, म्हणाले. दाजींच्या हृदयाचा ठेका मधूनमधून चुकतो, म्हणून ते रक्त पातळ करायची गोळी घेतात. ती चालू ठेवली तर मणक्याच्या ऑपरेशनात रक्त थांबणार नाही. थांबवली तर त्या चार-आठ दिवसांत हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. हृदयाचे डॉक्टर आणि ते मिळून गोळीचे दिवस ठरवतील. धोका थोडा आहे, पण नाही असं म्हणता येणार नाही.

"म्हंजी लकवा?" दाजींनी विचारलं.

"हो. चेहरा, हात, बोलणं, कशावरही परिणाम होऊ शकतो."

"पाय गेला तर मी खुर्चीत बसून बोलंन, डाक्टर. आवाज गेला तर मग मी ऱ्हाऊन करू काय? न्हाय करायचं ऑपरेशन." आणि ते पाय ओढत दाराकडे निघाले.

त्यांना मी परत बसवलं. मीच. शिक्षकाचा आवाज काढून म्हणालो, "दाजी, मी आहे ना. दिवसभर तुमच्या बोलण्यावर कान ठेवून बसतो. शब्द अडखळला की डॉक्टर हजर करतो. माझा शब्द." दाजींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लग्नातला फेटा आठवत असावेत. मग म्हणाले, "तुमच्या भरवशावर उतरतो आखाड्यात, मास्तर."

मग मला चेव चढला. डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं आणि सुवाच्य अक्षरात तक्ता केला: हसायला लावा, दोन्ही हात वर करायला लावा, एक वाक्य बोलायला लावा, एक जरी बिघडलं तरी क्षणाचाही उशीर नको. त्याच्या झेरॉक्स काढल्या. एक पलंगाच्या उशाशी, एक आक्काच्या पिशवीत, एक दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याकडे. त्या चहावाल्याला मी इतक्यांदा हात वर करायला लावले की मला बघितलं की तो किटली खाली ठेवून आपणहून हात वर करायचा.

ऑपरेशन झकास झालं. भूल उतरता उतरताच दाजींनी टाके किती आणि घातले कुणी ते विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आधार धरून आठ पावलं चालले, आणि त्या आठ पावलांचं वर्णन इतकं रंगलं की शेजारच्या खाटेवरच्या सुप्याच्या आबांनी सलाइनचा हात उचलून टाळी द्यायचा प्रयत्न केला. जखम कोरडी दिसत होती. रक्ताची गोळी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू करायची होती. म्हणजे जिंकल्यातच जमा. आक्का तीन दिवसांची जागलेली. ती भिंतीशी बाकावर आडवी झाली आणि दाजींच्या बोलण्याच्या नादात दोन मिनिटांत घोरायला लागली.

बरोबर अकरा वाजता सिस्टर रक्तदाब मोजायला आल्या. दाजींनी त्यांच्यावर सुरू केलं. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. एकच आडवा शब्द अडला होता, आणि कानाशी "सिस्टरनं पट्टा आवळला, दंड फुगला, मंडळी!" असं चाललेलं. तीन दिवस ऐकून माझं डोकं पिकलं होतं. मी म्हणालो, "दाजी, जरा गप्प बसता का? पाच मिनिटं."

आणि दाजी गप्प बसले.

काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं! सिस्टर आकडा लिहून निघून गेल्या. पंख्याचा आवाज ऐकू आला. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं तेही ऐकू आलं. अडलेला शब्द सुटला, त्याच्या जोरावर दोन उभे सुटले. मध्ये एकदा मी विचारलंही, "दाजी, नदीकाठच्या गवताला काय म्हणतात हो?" उत्तर आलं नाही. रुसलेत, म्हटलं. रुसू दे. उशाशी माझ्याच अक्षरातला तक्ता डकवलेला, आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवून कोडं भरत होतो.

एकाएकी आक्का ताडकन उठून बसली. चालता पंखा बंद पडल्यावर माणूस जागा होतो ना, तशी.

"आरं, हे गप का?"

"मीच सांगितलं गप्प बसायला."

"तू?" आक्का पायात चपलाही न घालता पलंगाकडे निघाली. "त्यांनी माझ्या बापाचं ऐकलं न्हाय कधी, तुजं ऐकत्यात व्हय?"

दाजी जागे होते. डोळे उघडे, माझ्याकडेच लागलेले. तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला होता. आक्का ओरडली, "हात वर करा! दोनी!" डावा हात वर आला. उजवा चादरीवर तसाच राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते मला हाक मारत होते आणि मी कोडं सोडवत होतो.

पुढचं सगळं पळत झालं. आक्का "सिस्टर!" म्हणून ओरडली ते खालच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. सिस्टर पळाल्या, डॉक्टर पळाले, स्ट्रेचर निघालं, त्यामागे अनवाणी आक्का, तिच्यामागे हातात पेन घेतलेला मी. स्कॅनच्या दारात मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलले? नक्की वेळ सांगा."

"अकरा."

"नक्की?"

"नक्की. अकराला मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं. आता अकरा वीस."

त्यांनी वर बघितलं आणि वेळ लिहून घेतली. आयुष्यात चुका मी ढिगानं केल्या. घड्याळ लावून कुणी नोंदवलेली ही पहिलीच.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण पाठीची जखम ताजी, ते देता येईना. मग जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार वर मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढायची ठरली. दार बंद झालं. बाहेर आम्ही दोघं. आक्का माझ्याकडे पाठ फिरवून बंद दाराकडे तोंड करून बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. गुठळी निघाली होती. "वेळेत आणलंत," ते आक्काला म्हणाले.

संध्याकाळी आत सोडलं. मी पलंगाशी उभा राहून बोलत सुटलो: माझं चुकलं, दाजी, मी असं म्हणायला नको होतं, मला माफ करा, पुन्हा कोडं हातात धरणार नाही... दाजींनी डोळे उघडले. उजव्या हाताची बोटं हळूच हलली. जीभ तोंडातल्या तोंडात कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली.

"ग...गप," दाजी म्हणाले.

आक्का आधी हसली, मग रडली, आणि मग मला पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा कुठे मला श्वास आला.

आता दाजी काठीशिवाय बांधापर्यंत जातात. हात चालतो. जिभेचं मात्र अजून चाललंय. माणसं सगळी ओळखतात, पण नावं वाटेत थांबतात. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, शब्द पुरवू नका, वाट बघा. मी दर रविवारी बावड्याला जातो आणि वाट बघतो. हे काम मला जमतं असं निदान आक्का तरी म्हणत नाही.

परवा अंगणात बसलो होतो. दोन कोंबडे एकमेकांवर तुटून पडले. दाजी खाटेवर सरसावून बसले. "लाल... कोंबडा," म्हणाले. "लालनं... मान..." आणि थांबले. पिसं उडत होती. मला शब्द माहीत होता, अगदी ओठांवर होता. शेंगा फोडता फोडता आक्कानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गिळला.

कोंबडे कंटाळले. एक उकिरड्याकडे गेला, दुसरा गोठ्यामागे. अंगण रिकामं झालं. आम्ही तिघं त्या रिकाम्या अंगणाकडे बघत बसलो. आक्काचा हात शेंगेवरच थांबलेला.

"धरली," दाजी म्हणाले.