मोरपंखी बरणी

आटपाडीच्या धनाजीशेठच्या बरण्यांच्या कारखान्यात ग्लेझचं, म्हणजे काचेचा लेप चढवायचं काम अख्तरबीकडं. बावीस वर्षं झाली, बरण्या लेपाच्या पातळ चिखलात बुडवायच्या आणि भट्टीला धाडायच्या. बाई मुलखाची तापट! खोटेपणा दिसला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा शेठला मोरपंखी रंगाचं खूळ लागलं. हा निळा येतो तांब्यानं, पण खुलतो बेरियमवर. कच्चं बेरियम म्हणजे विष, म्हणून ते वाळूसोबत वितळवून त्याची काच करतात आणि काच दळतात. त्या भुकटीला म्हणायचं फ्रिट. शेठनं फ्रिट आणि तांबं दोन्ही दुप्पट घालायला लावलं, तेही बरणीच्या आतूनसुद्धा.

"आवं शेठ, आतनं नगं. लोणच्याची बरणी हाय. आंबट लागलं की उतरंल हे."

"काच झाली की इष मेलं. तू बुडव."

बुडवल्या तिनं, पण चरफडत. भट्टीतून निघालेल्या एका बरणीत लिंबाची फोड टाकून ठेवली. चार दिवसांनी बघते तर फोडीखालचा निळा पांढुरका पडलेला! शेठला दाखवलं, तर म्हणतो कसा, "एका डागानं काय हुतंय? दोनशे बरण्या टेंपोत भरल्यात. आज सांगलीला जाणार."

डोकंच फिरलं तिचं. लोकांच्या लेकराबाळांच्या ताटात हे वाढायचं? आणि मग तिला एकदम आठवलं. कारखान्याची रीतच होती, नव्या रंगाची पहिली बरणी मालकिणीकडं जायची. मोरपंखी बरणी जाऊन तीन आठवडे झाले होते.

तरातरा ती शेठच्या घरी गेली. शेठ मागोमाग, "अगं, कुठं चाललीस?" करत.

"सुलावैनी, नव्या बरणीत काय घातलंय?"

"लिंबाचं लोणचं. का गं?"

"रिकामी करा. आत्ताच्या आत्ता!"

सुलाबाईनं लोणचं पातेल्यात ओतलं, बरणी धुऊन दारातल्या उजेडात धरली. लोणचं होतं तिथवर रंग पार विटलेला. निळा उरला होता तो फक्त गळ्याशी.

"आत्ता गं बया! रंग कुठं गेला?"

"ह्यास्नी इचारा," अख्तरबीनं शेठकडं बोट केलं. "कुणी कुणी खाल्लं हे?"

"आमी दोघं कुठलं खातोय आंबट. सोनमला देते की रोज, दहीभातासंगं."

सोनम म्हणजे शेठची पाच वर्षांची नात. शेठ उंबऱ्यातच मटकन बसला.

"बसताय काय!" अख्तरबी कडाडली. "उठा, पोरीला आधी डाक्टरकडं न्या. टेंपो मी रिकामा करती."