जेडच्या पानाची मागची बाजू

माझी भाची चीनहून येताना जेडच्या दगडात कोरलेलं एक पान घेऊन आली. तळहाताएवढं, हिरवंगार, आणि काठावर दगडातल्याच तपकिरी डागातून कोरलेला नाकतोडा. डाग काढून टाकायचा नाही, त्याचंच काहीतरी करायचं, ही तिकडच्या कारागिरांची रीत, असं तिने सांगितलं. मी ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि आठ दिवस चोपडा गावातल्या आमच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवलं. हात मात्र कुणाला लावू दिला नाही.

मग माझे थोरले भाऊ गावाहून आले. त्यांचा जन्म कपाशीत गेलेला. माझं पुराण पुरतं ऐकूनही न घेता त्यांनी कपाट उघडलं, पान उचललं आणि उलटं केलं. कपाशीचं पानही ते असंच बघतात, कारण कीड मागे लपते. मी ओरडणारच होतो, तोवर त्यांनी एका जागी बोट ठेवलं. मागच्या शिरेला चिकटून तिळाएवढी एक अळी कोरलेली होती.

"हाऊ कारागीर वावरमा राबेल शे," भाऊ अहिराणीत म्हणाले, म्हणजे हा शेतात राबलेला माणूस आहे. मग त्यांनी पान कपाटात परत ठेवलं, उलटंच.

मी ते अजून सुलटं केलेलं नाही.