घरातून निघताना ‘येतो’ म्हणावं

मी तिसरी शिकलेला माणूस आहे. त्यामुळं कुणाच्या बोलण्याला मी टोकलं की गावातली पोरं म्हणतात, आबा, तुमची शाळा केवढी आन् तुमी चुका काढता कुणाच्या. शाळेचा इथं काय संबंध? मी बोलायला आईजवळ शिकलो, मास्तरजवळ नाही. लिहिताना मीबी ‘नाही’ लिहितो, पण बोलताना ‘न्हाई’च म्हणतो, आन् दोन्ही आपापल्या जागी बराबर आहेत.

आजकालचं बोलणं ऐकून माझं डोकं उठतं. आमच्याकडं आता सगळं काही ‘भेटतं’. एसटी भेटते, गोळी भेटते, रेशनचे गहू भेटतात. एसटी काय तुझी मावसबहीण आहे का रे भेटायला? माणूस भेटतो. वस्तू मिळते, नाहीतर सापडते. दुसरं ते ‘माझी मदत करा’. टीव्हीवरच्या हिंदीतून उचललेलं. मदत मला करतात, माझी करत नाहीत. हे मी साखऱ्याच्या बाजारात एका दुकानदाराला सांगितलं, तर तो म्हणला, ‘आबा, तुमाला मिरची घ्यायची हाय का न्हाई?’ घेतली नाही. दुसऱ्या दुकानातून घेतली.

सूनबाई पुसेगावची, बारावी झालेली. कामाला वाघ आहे, पण माझ्या बोलण्यावर तिचा डोळा.

‘मामा, लेकरासमोर ‘का’ला ‘काहून’ नका म्हणू. त्यो शाळेत तसंच म्हणतो, मॅडम हसतात.’

‘मॅडमला इचार, काहून हसून राहिल्या?’

त्यावर ती पदर तोंडाला लावून आत जाते. हसते का चिडते, मला आजवर कळलेलं नाही.

हे सगळं मी एक वेळ गिळतो. पण एक गोष्ट मी कधीच गिळली नाही. घरातून निघणाऱ्या माणसानं ‘जातो’ म्हणायचं नाही. निघणाऱ्यानं ‘येतो’ म्हणावं, घरातल्यानं ‘ये’ म्हणावं, मोठा असला तर ‘या’ म्हणावं. इतकं साधं आहे. आता काय, पोरं गाडीला किक मारताना ‘बाय’ म्हणतात, नाहीतर ‘चला, जातो मग’.

विहारात एकदा एक पोरगं मला म्हणलं, ‘आबा, तुमी बुद्धाचं नाव घेता आन् ही अंधश्रद्धा पाळता?’

मी मांजर आडवं गेलं म्हणून कधी थांबलेलो नाही. अमावस्येला पेरणी केलेली आहे, आन् ती चांगली उगवली. मी त्याला म्हणलं, ‘तू घरून निघतो, मागं तुझी माय बसलेली असते. परत येणार हाईस एवढं तिला सांगून निघावं. ह्याच्यात देव कुठं आला?’ पोरगं उठून गेलं. पटलं म्हणून का कंटाळलं म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

आमचा जावई एकदा दारात ‘जातो मामा’ म्हणला. त्याला मी चपला काढायला लावून परत आत बसवलं, दुसरा चहा पाजला, आन् ‘येतो’ म्हणवून घेऊन मगच सोडलं. त्याची नांदेडची गाडी हुकली. पोरगी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पण जावई तेव्हापासून ‘येतो’ म्हणतो. आता तर येताना वेशीपासूनच म्हणायला लागतो.

माझ्या बायकोला मात्र हे कधी सांगावं लागलं नाही. माहेरी निघाली तरी ‘येते’, शेतात निघाली तरी ‘येते’, शेजारी विरजण मागायला गेली तर ‘आले हं’. उभ्या जन्मात तिच्या तोंडून मी ‘जाते’ ऐकलं नव्हतं.

यंदा हळद काढायच्या दिवसात तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती अंगावर काढत राहिली. मग हिंगोलीला दाखवलं. मशीनवर पोटाचा फोटो काढला, त्यात गाठ दिसली. डॉक्टर चांगला होता, पण त्याची बोलायची तऱ्हा अशी की ‘आजी, आपण नांदेडला जाऊ, आपण ऑपरेशन करून घेऊ.’ बाहेर आल्यावर ही मला म्हणली, ‘त्यालाबी गाठ हाय वाटतं.’

मी हसलो, तीबी हसली. पण डॉक्टरनं पोराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गाठ कशाची आहे ते काढून तपासल्याशिवाय कळत नाही. पोरानं ते मला सांगितलं आन् मी तिला. आमच्यात लपवालपवी नाही.

नांदेडला जायचा दिवस ठरला, तो नेमका हळद शिजवायच्या पाळीचा. ट्रॅक्टरला जोडलेला वाफेचा कुकर गावोगाव फिरतो. आपली पाळी हुकली की पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, आन् काढलेली हळद तशीच पडली की नासते. पोरगा तिच्यासोबत जाणार होता. पोरगी नांदेडलाच राहते, ती दवाखान्यात थांबणार होती. मी म्हणलं, मग माझं तिथं काय काम? मला तिथलं बोलणं झेपत नाही, हळद कोण बघणार?

ती पिशवी भरत राहिली.

सकाळी जीप दारात आली. मी अंगणात ताडपत्री पसरत होतो. पोरानं पिशव्या ठेवल्या, सूनबाईनं धरून तिला जीपमध्ये बसवलं. मी ताडपत्री सोडून जवळ गेलो. तिनं माझ्याकडं बघितलं आन् सरळ आवाजात म्हणली,

‘जाते मी.’

मला काही म्हणायला जागाच राहिली नाही. ‘जाते’ला काय म्हणायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. जीप निघून गेली.

सूनबाई माझ्याकडं बघत होती. ‘मामा, आत्या काय म्हणल्या?’

‘काय न्हाई. माणसं येतील कामाला, भाकरीचं बघ.’

दिवसभर कुकर चालला. गडी हळद भरत होते, ओतत होते, वाफेनं सगळं रान पिवळ्या वासानं भरलं होतं, आन् माझ्या कानात तेवढंच एक चाललं होतं. अपशकुन मी मानत नाही. तीबी मानत नाही. मग चुकून म्हणली म्हणावं, तर ती चुकत नाही. म्हणजे ठरवून म्हणली. काहून? आतल्या आत तिला काही कळलं होतं का? आपण परत येणार नाही असं वाटून, खोटं नको बोलायला म्हणून, तिनं ‘येते’ म्हणायचं टाळलं का? तसं करण्यातली आहे ती. हे डोक्यात आलं आन् दुपारची भाकर तशीच राहिली.

आता माझं आन् फोनचं जमत नाही, हेबी सांगितलं पाहिजे. माणूस धड निरोप न घेता ‘ठेवतो’ म्हणतो. काय ठेवतो? कुठं ठेवतो? म्हणून मी कुणाला फोन करत नाही. आला तर ऐकतो आन् सूनबाईच्या हातात देतो. पण त्या दिवशी दिवेलागणीला मीच तिला म्हणलं, ‘लाव तुझ्या आत्याला.’

‘बोला,’ तिकडून आवाज आला.

‘जेवली का?’

‘पोरीनं वरणभात आणला व्हता. हळद शिजली?’

‘निम्मी झाली. तू कवा येतीस?’

‘डॉक्टर सांगंल तवा.’

‘डॉक्टरचं राहू दे. तू सांग की. येते म्हण.’

‘हळद नीट पसरा, ढीग नका ठेवू. ठेवते.’

फोन बंद. सूनबाई परातीत पीठ मळत होती, ती मान वर न करता मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला पुन्हा लावला. पुन्हा जेवण, पुन्हा हळद, शेवटी ‘ठेवते’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. सकाळी पोराचा फोन आला, ‘आबा, आईला आत नेलं.’

अंगणात शिजलेली हळद वाळत घातली होती. मी कोपऱ्यातल्या बाजेवर बसलो. उठलो. गोठ्यापर्यंत गेलो, परत आलो. कामावरची एक म्हातारी म्हणली, ‘आबा, हळद तुडवून राहिलात.’ खाली बघितलं तर मी ताडपत्रीच्या मधोमध उभा. पाय पिवळे झालेले. तिनं मला हाताला धरून बाहेर काढलं, जसं काही मीच आजारी आहे. मी पाय झटकून बाजेवर जाऊन बसलो. एरवी तिला सोडलं नसतं.

उन्हं चांगली वर आल्यावर फोन वाजला. सूनबाई पळत आली, कानाला लावला, आन् लगेच माझ्या कानाला लावला.

‘आबा, बाहेर आणलं. शुद्धीवर हाय. पाणी मागून राहिली.’

आमचा पोरगा हिंगोलीत दुकानात कामाला आहे. एरवी तो माझ्यासमोर ‘मागते आहे’, ‘येतो आहे’ असं इस्त्री केलेलं बोलतो. त्या दिवशी ‘मागून राहिली’ म्हणला, ते माझ्या कानाला फार गोड लागलं.

‘आन् गाठ?’

‘तपासायला दिली. रिपोर्ट भेटला की सांगतो.’

भेटला म्हणला. मी टोकलं नाही. म्हणलं, भेटू दे. कसाबी भेटू दे.

सूनबाई शेजारीच उभी होती. ‘मामा, रिपोर्ट मिळतो ना? भेटतो कसा?’

‘तू गप बस.’

तिचे डोळे ओले होते आन् तोंड हसरं होतं.

रिपोर्टला बरेच दिवस लागले. मी रोज फोन लावला. टाके दुखतात का विचारलं, झोप लागते का विचारलं, शेवटी शेवटी तर हळदीचा विषय तिच्या आधी मीच काढायला लागलो, म्हणजे तेवढंच बोलणं लांबेल. पण मुद्द्यावर आलो की ती ‘ठेवते’ म्हणायची. एकदा मला मागून पोरीचं हसणं ऐकू आलं. तेव्हा थोडी शंका आली होती, पण मी तिला जागा दिली नाही. दवाखान्यात हसायला काय आहे?

मग पोराचा फोन आला. गाठ साधी निघाली. तिच्यात वाईट काही नाही. उद्या सुट्टी देणार.

मी तिथंच हळदीच्या पोत्यावर बसलो. रडलो बिडलो नाही. पण भूक लागली, अशी लागली की सूनबाईला म्हणलं, काय असंल ते वाढ. सकाळची भाकर आन् ठेचा खाल्ला. वर परत भाकर मागितली. ‘मामा, आता कसं?’ ती म्हणली. ‘आता बराबर हाय,’ म्हणलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. पोट धरून ती हळूच खाली उतरली. वाळली होती, पण नजर जागेवर होती. मला म्हणली, ‘आले.’

‘ते दिसून राहिलं.’

चहा झाला. शेजारपाजारच्या बाया येऊन, बघून गेल्या. पोरगा कुठंतरी बाहेर गेला. मग मी विचारलं.

‘जाताना जाते काहून म्हणली?’

तिनं बशी खाली ठेवली. ‘येते म्हणलं असतं तर तुमी काय केलं असतं?’

‘ये म्हणलं असतं.’

‘आन् मंग?’

‘मंग काय?’

‘मंग तुमी गेले असते कुकरकडं. हळद वाळूस्तोवर माझी याद आली नसती. पोरगी बाळंत झाली तवा मी आठ-पंधरा दिस दवाखान्यात व्हते, एक फोन केला व्हता का? आता रोज सांजच्याला फोन. एका दिशी दोनदा.’

‘म्हणजे तू मुद्दाम...’

‘इतकी वर्सं तुमच्यापाशी राहून राहिले. तुमाला कुठं टोचतं, ठाऊक नसंल का मला?’

मला राग यायला पाहिजे होता. मी तो शोधला, पण सापडला नाही. मी म्हणलं, ‘आन् तुला भेव न्हाई वाटलं?’

‘वाटलं की,’ ती म्हणली. ‘म्हणून तर फोन पाहिजे व्हता.’

आत सूनबाई भांडी घासत होती, तो आवाज मधेच थांबला आन् पुन्हा सुरू झाला.

‘जाते’ म्हणू नये, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. ते बदललेलं नाही. बायकोलाबी मी तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणली, ‘बरं.’

पुढं तिला एकदा नांदेडला दाखवायला बोलावलं होतं. तोवर हळद वाळून खडखडीत झाली होती, आन् त्याच दिवशी हळकुंडं घासून पॉलिश करणारा माणूस त्याचा ड्रम घेऊन यायचा होता. जीप दारात लागली. या खेपेला ती तोंड उघडायच्या आधीच मी जवळ जाऊन म्हणलं, ‘ये.’

ती जीपमध्ये नीट टेकून बसली, पदर सारखा केला, आन् माझ्याकडं बघून म्हणली, ‘बघते.’

मी हात धुतले, खुंटीवरची टोपी घेतली आन् तिच्या शेजारी जाऊन बसलो. पुढं बसलेला पोरगा आरशातून बघत होता. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिनं सरकून जागा केली.

सूनबाई दारातून पळत आली. ‘मामा, पॉलिशवाला येणार हाय आज. तुमी काहून चालले?’

‘तू बघून घे त्याला,’ म्हणलं. ‘येतो.’

‘या,’ ती म्हणली.