विनोदिनीकाकूंचा डावा हात

"म्हंजे कसं आहे बाई," गुलाबराव म्हणाले आणि खाकरले. त्यांचं वाक्य म्हणजे दोन खाकरे आणि मध्ये थोडीशी मराठी. "यंदा तुम्ही आराम करा. आरतीले मोबाइल लावून देऊ. ब्लूटूथवाला डब्बा आहे आपल्याजवळ."

गुलाबराव आमच्या रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर विनोदिनीकाकू बसल्या होत्या, डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. अभनपूरच्या बाजारात स्कूटर घसरली आणि मनगट मोडलं. स्थापनेला नऊ दिवस उरले होते. एकोणीस वर्षं आमच्या आरतीला काकूंचाच कीबोर्ड. चिकनगुन्या झाला त्या वर्षीसुद्धा त्या सुजलेल्या बोटांनी वाजवायला बसल्या होत्या.

"मोबाइल एकदा आला का पुढच्या वर्षी बी तोच येईल," काकू म्हणाल्या. "मग मी काय, प्रसाद वाटू? मीच वाजवीन."

"एका हातानं?"

"हव."

गुलाबराव तिसऱ्यांदा खाकरले. हा खाकरा म्हणजे 'बघू'.

काकू मूळच्या वर्ध्याच्या, लग्न होऊन इथे आल्या. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांचं ते "कृपया होल्ड कीजिए" मला इतकं हुबेहूब जमतं की एकदा मी स्वयंपाकघरातून म्हटलं तर बाबा खरंच मोबाइल कानाला लावून उभे राहिले. कीबोर्ड त्या अडतिसाव्या वर्षी शिकल्या, कोणत्याही क्लासला न जाता. कीबोर्डबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक समोर ठेवून. त्याला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर आहे आणि पानापानावर पेन्सिलीनं मराठी लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चौबे कॉलोनीतून भार्गवदादाला बोलावलं. हा त्यांच्या बहिणीचा मुलगा, कॉम्प्युटरचं काम करतो. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. काकूंनी मागच्या वर्षी पूर्ण आरती वाजवून कीबोर्डमध्येच रेकॉर्ड केली होती आणि पेन ड्राइव्हवर ठेवली होती. मग दादानं लॅपटॉपवर त्या फाइलमधला डावा आणि उजवा हात वेगवेगळा करून तीच परत पेन ड्राइव्हवर ठेवली होती, हौस म्हणून.

"डावा हात फाइलमधला," काकू म्हणाल्या, "आन् उजवा हा माझा."

"हो जाएगा मौसी. ये मिडी फाइल है ना, इसमें आवाज रहती ही नहीं. बस इतना लिखा रहता है कि कौन सी पट्टी, कब दबी, कितने जोर से, कितनी देर. आवाज तो आपका कीबोर्ड निकालता है."

काकूंनी प्लास्टरकडे बघितलं. "म्हणजे गाणं नाही ठेवलं. माझी बोटंच ठेवली."

पेन ड्राइव्ह लावला. कीबोर्डच्या स्क्रीनवर काहीच नाही. यादी रिकामी. दादानं काढला, फुंकला, परत लावला. रिकामी. "कीबोर्ड ही खराब है," दादा म्हणाला.

काकूंनी चष्मा लावला आणि खाकी कव्हरचं पुस्तक उघडलं. "काहून खराब? मिडीत बी दोन प्रकार असतेत. फॉर्मेट झीरोमधे सारं एकाच ट्रॅकवर. फॉर्मेट वनमधे हर ट्रॅक वेगळा. हा कीबोर्ड झीरोच वाचते. तू हात वेगळे केले, तवा लॅपटॉपनं वन करून ठेवलं असंल."

दादानं लॅपटॉप उघडला, बघितला आणि मान डोलावली. पोरगा चार वर्षं कॉलेजात शिकलाय. काकूंनी पान एकाहत्तर वाचलं होतं.

त्यानं उजवा हात काढून टाकला, उरलेली फाइल झीरोमध्ये ठेवली आणि जाता जाता म्हणाला, "थोड़ा क्लीन भी कर दिया मौसी."

तालीम रविवारी झाली आणि तिथे सगळं कोसळलं.

त्याचं असं आहे की आमच्या आरतीत एक रीत आहे. प्रत्येक कडवं संपत आलं की सगळे थांबतात आणि शेवटची ओळ गोदावरीआजी एकट्या म्हणतात. आजी शहाऐंशीच्या. त्यांची ओळ त्यांच्या चालीनं चालते, मध्ये श्वास घेते, चष्मा सावरते, मग पुढे जाते. ती संपेपर्यंत टाळीसुद्धा वाजत नाही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही, पण मोडायची हिंमतही कुणात नाही.

फाइलला रीत माहीत नव्हती. आजी ओळीच्या तिसऱ्या शब्दावर आणि काकूंचा डावा हात धडाधड दुसऱ्या कडव्यात. आजी थांबल्या. झांजा थांबल्या. डावा हात एकटाच वाजत राहिला. गुलाबराव खाकरले: "म्हंजे कसं आहे, तो ब्लूटूथवाला डब्बा…"

काकूंनी फाइल बंद केली. "भार्गव, माझं थांबणं कुठी गेलं?"

"मौसी, वो तो खाली गैप था. नोट भी इधर-उधर थे, मैंने सब बीट पे बिठा दिया. टाइमिंग गलत थी ना."

"गलत? ते आजीसाठी थांबली होती मी!"

मला हे पटकन कळलं. मी गुलाबरावांची नक्कल करताना खाकरे गाळले तर उरतं कोण? कुणीही.

दादाचा चेहरा उतरला. जुनी फाइल पेन ड्राइव्हवर होतीच. तिच्यातून त्यानं डावा हात जसाच्या तसा परत काढला. पण तीही जुळेना. थांबणं मागच्या वर्षीचं होतं आणि आजी एका वर्षानं आणखी म्हाताऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक ओळीला दोन-तीन श्वास जास्त लागत होते.

काकूंनी प्लास्टर उशीवर टेकवलं. मग एकदम हसल्या. "सव्वीस वर्षं अख्ख्या रायपूरले होल्डवर ठेवलं मी. एक फाइल नाही ठेवू शकत? भार्गव, पाच कडवी आहेत ना? पाच फाइली कर."

"फिर चालू कौन करेगा? हाथ तो एक ही है."

"पाय दोन आहेत, बापा."

कीबोर्डचं पेडल स्वर लांबवायला असतं, पण सेटिंग बदलून त्यानं फाइल सुरू करता येते. हेही पुस्तकात होतं, पान चौसष्ट, समासात पेन्सिलीनं: 'कधी कामी येईल'.

स्थापनेच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलं कडवं झालं. आजींनी ओळ धरली. तेवढ्यात काकूंनी उजव्या हाताच्या एका बोटानं पुढची फाइल निवडली आणि पाय पेडलवर ठेवून वाट बघत राहिल्या. ओळ संपली, पाय दाबला, डावा हात बरोबर आला. दुसरं तसंच. तिसरंही.

चौथ्याला आजींना खोकला आला.

ओळ अर्ध्यावर. कुणीतरी पाणी दिलं. सगळा मांडव उभा. गुलाबरावांचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेलेला मी बघितला. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आजींच्या ओठांकडे बघत होत्या, पाय वर, तसाच. आजींनी दोन घोट घेतले, चष्मा सावरला आणि ओळ पहिल्यापासून म्हटली. पूर्ण. शेवटचं अक्षर सुटलं आणि काकूंचा पाय खाली आला.

आरतीनंतर चौबे कॉलोनीचे पाहुणे गुलाबरावांना विचारत होते, एक हात प्लास्टरमध्ये असताना हे वाजलं कसं?

"म्हंजे कसं आहे," गुलाबराव छाती काढून म्हणाले, आणि चक्क खाकरले नाहीत, "आमच्या बाईंचा डावा हात पेन ड्राइव्हमधे राहते. मोबाइल-बिबाइल आमच्या मंडळात चालत नाही."

काकू पेडलची वायर गुंडाळत होत्या. एका हातानं आणि दातांनी.