तीन महिन्यांचा देव

मी गाव सोडलं त्या सकाळी एस.टी.च्या थांब्यावर बाया माझ्या पाया पडत होत्या. मिशा नीट फुटल्या नव्हत्या मला. एका म्हाताऱ्याने हातात नारळ ठेवला आणि विचारलं, "देवा, मन्ही म्हैस सापडी का?" माझ्या डोक्यात तेव्हा दुसरेच लोक बोलत होते, त्यांचं ऐकू की याचं, हे कळेना. माझ्या थोरल्या भावाला आम्ही नुसतं भाऊ म्हणतो. त्याने नारळ परत केला. "बाबा, म्हैस कोंडवाडामा देख," म्हणाला, आणि मला दंडाला धरून गाडीत चढवलं.

आई थांब्यापर्यंत आलीच नाही. आबा, माझे वडील, आले, पण मला निरोप द्यायला नव्हे. खिडकीपाशी उभे राहून भाऊला म्हणाले, "कानबाईले घरमातून काढी राहिना तू. भोगशी."

शिंदखेड्याहून सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसलो. पुढे तापी दिसली तेव्हा भाऊ रडत होता. मला वाटलं, माझ्या पाया पडायचं राहिलं म्हणून रडतो आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. तुम्ही जे गावात मागे राहिलात त्यांना सगळं ठाऊकच आहे, पण तुमच्या तोंडून ती वेगळी सांगितली जाते. म्हणून माझ्या बाजूने लिहितो. सातवीत शाळा सुटली, तेव्हा वाक्य कुठे लंगडलं तर सांभाळून घ्या.

त्या श्रावणात आमच्या खान्देशच्या देवीच्या, कानबाईच्या, विसर्जनाला नदीवर गेलो होतो. त्याआधी आठ-दहा दिवस झोप नव्हती. जेवणात कुणी काही कालवतंय असं वाटायचं. पाण्यात उभा राहिलो आणि कानात बोलणाऱ्या एका बाईला मोठ्याने उत्तर दिलं. झालं! "कानबाई वनी, कानबाई वनी," म्हणून गलका उठला. ज्या पोराला कुणी पारावर बसू देत नव्हतं, त्याच्यासाठी घरात पाट मांडला गेला. लोक नशिराबादहून, पाचोऱ्याहून आले. मी उपाशी राहिलो तर म्हणत, देवाला भूक कसली. मध्यरात्री ओरडलो तर आई निरांजन लावायची. आत मी भीतीने मरत होतो, आणि बाहेर माझी आरती चालली होती.

दिवाळीत सुरतेचे लूम बंद असतात, म्हणून भाऊ गावी आला आणि त्याने मला पाहिलं. त्याच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, एका पोराला असंच झालं होतं आणि दवाखान्याने तो पुन्हा मशीनवर उभा राहिला होता. देवाधर्माच्या वादात भाऊ पडलाच नाही. "त्याले झोप लागत नही, इतलंच माले समजस," एवढंच म्हणत राहिला.

सुरतेच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "वहेला लाव्या, सारुं कर्युं," म्हणाले. लवकर आणलंत, बरं केलंत. तीन महिने आरती झाल्यावर मी त्यांच्या हिशेबात लवकर होतो! तिथल्या एक समाजसेविका होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांनी भाऊला आणि वहिनीला समोर बसवून शिकवलं. हा सांगतो त्या आवाजांवर भांडू नका, हसूही नका. दोन रात्री झोपला नाही, ताटाकडे संशयाने बघू लागला, की थांबू नका, घेऊन या. भाऊने मला त्याच्याच खात्यात कामाला लावलं, पण गोळ्यांनी माझे हात थरथरत, ताण्याच्या तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना. तर ताई खात्यावर आल्या आणि सेठला म्हणाल्या, याला रातपाळी देऊ नका आणि महिनाभर सूत गुंडाळून कांड्याच भरू द्या. सेठ कुरकुरला, पण ऐकलं त्याने. डॉक्टरांनी मात्रा बदलली, हातांची थरथर थांबली. हळूहळू कानातली बाई लांब गेली, आणि एके दिवशी मला लूमचा खडखडाट फक्त खडखडाट म्हणून ऐकू आला. त्या माणसांचं देणं माझ्याने फिटायचं नाही.

वर्षाने गावी आलो. अंगावर नवा शर्ट, बहिणीला रिबिनी. वाटलं होतं, पोरगा बरा झाला म्हणून आई मीठमोहऱ्या ओवाळेल. ती दारातच हळू बोलली, "दवाखानानं कोन्हाले सांगू नको." पण गावाला कळलंच होतं. पारावरून हाक आली, "काय देवा, सेठ तुले पगार देस का परसाद?" सगळे हसले. त्यातले दोघे तरी माझ्या पायांवर डोकं ठेवून गेले होते. ओरडत होतो, अंगावर धावत होतो, तोवर मी देव होतो. शहाण्यासारखा बोलायला लागलो तर वेडा ठरलो. मी आत आलो तेव्हा आबा ताटावर बसले होते, उठून गेले.

हेही गिळलं असतं. पण नव्वदनंतर धाकट्या बहिणीला, सुमनला, तेच सुरू झालं.

निरोप मिळाला तसा धावत गेलो. सुमन पाटावर बसली होती, कपाळभर कुंकू, समोर ओट्यांचा ढीग. डोळे मी ओळखले. माझेच होते ते. आईला म्हटलं, आजच्या गाडीने नेतो, अजून लवकर आहे. आई म्हणाली, "तू गया आन् येडा ठरना. हाई पोरसंगे मंग लगीन कोन करी?" आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एक देव तुम्हीन बाटाडा. आते हाऊ राहू द्या."

मग मी सुमनलाच विचारलं. ती जन्मभर भांडी घासत आलेली पोर, घरात तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. आता माणसं रांगेने विचारायला बसत. ती माझ्याजवळ झुकून हळूच म्हणाली, "आप्पा, गोळ्या खाद्यावर लोके इचारतस का?"

मी खोटं बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. मी म्हणालो, "नही."

ती आली नाही.

चौथ्या वर्षी आई तिला स्वतः सुरतेला घेऊन आली. तोवर ओट्या थांबल्या होत्या, आणि सुमनच्या मनगटावर दोरीचे वळ होते. पूर्वी भाऊला म्हटलं तसं 'लवकर आणलंत' डॉक्टर आईला म्हणाले नाहीत. नुसतं लिहीत राहिले. आवाज कमी झाले तिचे, पण ती सावकाश चालते, सावकाश बोलते, आणि पुष्कळ वेळ काहीच नाही.

गावाहून येणाऱ्यांबरोबर आईचा निरोप असतो, सणाला या, पण गोळ्या लपवून आणा. यंदा मी गेलो नाही. झोप नीट लागली ना, हे मी अजून रोज सकाळी घाबरत तपासतो. ही धाकधूक जिथे लपवावी लागत नाही, तेवढंच आता माझं घर. इथे वहिनी चहा ठेवते आणि चाळीला ऐकू जाईल अशी हाक मारते, "आप्पा, सुमन, गोळ्या घ्या!" समोरच्या ओडिया बाईंनाही आमची वेळ पाठ झाली आहे.

सुमन कधी कधी गोळी तळहातावर धरून तशीच बसते, दाराकडे बघत. मग मी विचारतो, "सुमे, सांग बरं, चहामा साखर कशी शे?"

ती घोट घेते. आणखी एक घेऊन बघते.

"जास्त शे," म्हणते.